पहाऱ्याचा कॅमेरा आणि त्याची स्मृति

मनमाडहून परभणीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जालना व परतूर मागें पडलीं म्हणजे सेलू हें तालुक्याचें गांव लागतें. कापसाच्या व्यापारामुळें नांवारूपास आलेल्या या गांवांत, आणि मराठवाड्यांतील अशा कित्येक गांवांत, मुलें शिक्षणासाठीं अगर नोकरीसाठीं पुण्यास, छत्रपती संभाजीनगरास किंवा हैदराबादेस गेलेलीं असतात. घरीं वडील माणसें राहतात. आणि उन्हाळ्याच्या सुटींत तींही मुलांकडे गेलीं म्हणजे महिना-दीड महिना दाराला कुलूप असतें. अशा वेळीं शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी व त्यानें येतां-जातां घरावर नजर ठेवावी, ही जुनी वहिवाट. ती मोडलेली नाहीं; परंतु तिच्या जोडीला आतां ओसरीच्या वरच्या कोपऱ्यांत मुठीएवढा कॅमेरा दिसूं लागला आहे. गृहस्थ पुण्यास बसून मोबाइलवर आपलें सेलूचें अंगण पाहतो, तुळशीला पाणी घालणारी शेजारीण पाहतो, आणि निश्चिंत होतो.

ही निश्चिंतता कितपत खरी, हें कॅमेऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून नसून त्याच्या स्मृतीवर अवलंबून असतें. डोळा चोवीस तास उघडा असला तरी मालक चोवीस तास मोबाइल पाहत बसत नाहीं. पहांटे तीन वाजतां कोणी कुंपणावरून आंत आलें, तर तें दृश्य सकाळीं पाहावयास मिळावें, एवढ्याचसाठीं हा सारा खटाटोप. तें दृश्य जपून ठेवण्याचें काम १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड अशा एका काळ्या तुकड्याकडे असतें. यालाच मेमरी-कार्ड म्हणतात. कॅमेरा निवडतांना चार दुकानें पालथीं घातलीं जातात. कार्ड मात्र दुकानदार देईल तें घेऊन, वेष्टन फोडून, तसेंच आंत सारलें जातें. मग ज्या दिवशीं त्याची गरज लागते, नेमकें त्याच दिवशीं तें कोरें निघतें. वरातीमागून आलेल्या घोड्याचा जितका उपयोग, तितकाच चोरी झाल्यानंतर सुचलेल्या या तयारीचा.

कार्डाची तयारी नीट समजावयाची तर त्याच्या पोटांत काय चालतें हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. जपानांतील तोशिबा कंपनीचे शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं एका नव्या प्रकारच्या स्मृतियंत्राची कल्पना जगापुढें मांडली व १९८७ सालीं तिचा ‘नॅन्ड’ नांवाचा सुधारलेला प्रकार पुढें आला. विजेचा पुरवठा तोडला तरी लिहिलेलें पुसलें जात नाहीं, हा तिचा विशेष. १९९९ सालीं तोशिबा, मात्सुशिता व सॅनडिस्क या तीन कंपन्यांनीं मिळून एसडी कार्ड काढलें. आणि त्याचेंच नखाएवढें रूप, म्हणजे मायक्रो-एसडी, २००५ सालापासून प्रचारांत आलें. घरच्या कॅमेऱ्यांत बसतें तें हेंच.

या कार्डांत अब्जावधि सूक्ष्म कोठड्या असतात. प्रत्येक कोठडींत विद्युत्कण कोंडून ठेवावयाचे, आणि ते किती आहेत यावरून अक्षर ओळखावयाचें, अशी ही योजना आहे. कोठडीच्या भोंवतीं विजेला अडविणारा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. विद्युत्कण आंत घालतांना व बाहेर काढतांना त्या पापुद्र्यांतून त्यांना बळानें ढकलावें लागतें. दर वेळीं पापुद्रा किंचित् झिजतो. शाळेंतील दगडी पाटीची उपमा येथें चांगली लागू पडते. फरक इतकाच कीं, या पाटीवरचें एकच अक्षर पुसतां येत नाहीं. एक संबंध भाग पुसून मगच त्यावर नवें लिहितां येतें, आणि प्रत्येक पुसण्याबरोबर पाटी थोडी झिजते. एका कोठडींत एकच द्विमान अंक ठेवणारीं महागडीं कार्डें सुमारें लाख वेळां पुसून लिहिलीं तरी टिकतात. परंतु एका कोठडींत तीन अंक कोंबणारीं, म्हणजे बाजारांत सर्रास मिळणारीं कार्डें हजार ते तीन हजारांच्या आसपासच थकतात.

सहलीचीं छायाचित्रें घेणाऱ्यास या झिजेची फिकीर करण्याचें कारण नाहीं. तो वर्षाकांठीं एखादें कार्ड भरतो. पहाऱ्याच्या कॅमेऱ्याची गोष्ट निराळी. तो रात्रंदिवस लिहीत असतो. थोडी आंकडेमोड केली म्हणजे हें स्पष्ट होईल. चांगल्या प्रतीचें चित्र घेणारा घरगुती कॅमेरा सेकंदाला सुमारें २ मेगाबिट माहिती लिहितो असें धरूं. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला पाव मेगाबाइट झाला. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हां एका दिवसाची माहिती २१.६ गीगाबाइट भरते. या हिशेबानें ६४ गीगाबाइटांचें कार्ड तीन दिवसही पुरत नाहीं, १२८ चें सहा दिवसांच्या आंत भरतें व २५६ चें बारा दिवसांच्या आंत. कार्ड भरलें कीं कॅमेरा सर्वांत जुनें चित्रण पुसून त्या जागीं नवें लिहितो. म्हणजे ६४ चें कार्ड वर्षांत सुमारें १२३ वेळां संपूर्ण पुसलें जातें.

या हिशेबांतून दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, कार्डाची स्मृति फार आंखूड असते. सर्वोच्च न्यायालयानें २ डिसेंबर २०२० रोजीं पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांविषयीं निर्णय देतांना चित्रण अठरा महिने, आणि कांहीं झालें तरी वर्षाहून कमी नाहीं, इतका काळ जपावें असें बजावलें. घरच्या लहान कार्डाला हें शक्य नाहीं. महिन्याभरानें परत आलेल्या गृहस्थास पहिल्या आठवड्यांतील चोरीचें चित्रण त्यांत सांपडणार नाहीं. यावर उपाय दोन : मोठें कार्ड घेणें, किंवा हालचाल दिसेल तेव्हांच लिहावें अशी आज्ञा कॅमेऱ्यास देणें. दुसऱ्या उपायानें रिकाम्या घराचें कार्ड पुष्कळ दिवस पुरतें. पण समोरून वर्दळीचा रस्ता जात असेल, अगर कॅमेऱ्यापुढें झाडाची फांदी डोलत असेल, तर तोही बचाव लटका पडतो. म्हणून कॅमेऱ्याचा रोख फाटकापुरता ठेवावा व डोलणारी फांदी छाटावी.

दुसरी गोष्ट अशी कीं, वर्षाला १२३ वेळां पुसणें हें हजारांच्या मर्यादेपुढें क्षुल्लक दिसतें. मग कार्डें दोन वर्षांतच कां मरतात? याचें कारण कागदावरच्या हिशेबांत न येणारें आहे. कॅमेरा थोडें थोडें लिहितो, परंतु कार्डास भाग पुसावे लागतात मोठे; त्यामुळें आंतल्या आंत माहितीची हलवाहलव होऊन प्रत्यक्ष झीज कित्येक पटींनीं वाढते. त्यांत उष्णतेची, अचानक तुटणाऱ्या विजेची आणि हलक्या मालाची भर पडते. म्हणून अखंड लेखनासाठीं मुद्दाम बनविलेलीं ‘हाय एन्ड्युरन्स’ या नांवाचीं कार्डें मिळतात तींच घ्यावीं. त्यांच्या वेष्टनावर किती तास चित्रण सोसेल हें बहुधा दिलेलें असतें. किंमत कांहीं अधिक पडते. पण एका कुलपाच्या किंमतीहून तो फरक मोठा नसतो.

वेगाच्या बाबतींत मात्र उगीच पैसा खर्च करूं नये. कार्डावर इंग्रजी सी अक्षरांत १० किंवा यू अक्षरांत १ हा आंकडा असला तर तें कार्ड सेकंदाला निदान १० मेगाबाइट लिहूं शकतें. कॅमेऱ्यास लागतो पाव मेगाबाइट. म्हणजे गरजेच्या चाळीसपट वेग आधींच पदरांत आहे. वेगाहून टिकाऊपणा महत्त्वाचा, हें सूत्र ध्यानांत ठेवावें. त्याबरोबरच कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकांत तो किती मोठें कार्ड स्वीकारतो तें पाहावें. ३२ गीगाबाइटांपर्यंतचीं कार्डें एका जातीचीं व त्यापुढचीं दुसऱ्या जातीचीं असतात. जुना कॅमेरा दुसऱ्या जातीचें कार्ड ओळखीलच असें नाहीं.

आतां फसवणुकीचा प्रकार. बाजारांत अशीं कार्डें येतात कीं, ज्यांच्यावर १२८ छापलेलें असतें आणि पोटांत जागा असते आठाची किंवा सोळाची. कार्डांतील नियामक चिपेस खोटें बोलावयास शिकविलेलें असतें. संगणकानें विचारलें तर ती १२८ असेंच सांगते. खरी जागा संपली म्हणजे पुढील माहिती एक तर हरवते, नाहीं तर आधींच्या माहितीवर लिहिली जाते. कॅमेरा तक्रार करीत नाहीं, दिवा हिरवाच असतो, आणि महत्त्वाच्या प्रसंगीं फाइल उघडत नाहीं. ही लबाडी ओळखण्याचा एकच भरंवशाचा मार्ग आहे : कार्ड गळ्यापर्यंत भरावयाचें आणि भरलेलें सारें परत वाचून ताडून पाहावयाचें. धान्याचें पोतें मापानें मोजून घ्यावें, तसाच हा प्रकार. यासाठीं ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ व ‘एफ-थ्री’ हीं साधनें संगणकावर विनामूल्य मिळतात. सेकंदाला १५ मेगाबाइट या वेगानें ६४ गीगाबाइटांचें कार्ड भरावयास सुमारें सव्वा तास लागतो, वाचावयास आणखी वेळ. संध्याकाळीं लावून ठेवावें, रात्रीं निकाल पाहावा. ही परीक्षा कार्ड कोरें असतांनाच करावी. बिल घेऊनच माल घ्यावा, म्हणजे खोटें निघाल्यास परत करतां येतें.

परीक्षेंत उतरलेलें कार्ड कॅमेऱ्यांत बसविण्यापूर्वीं कॅमेऱ्याची वीज बंद करावी. चालू कॅमेऱ्यांत कार्ड घालणें अगर काढणें म्हणजे लिहिणाऱ्याच्या हातांतून वही ओढण्यासारखें आहे. सोनेरी पट्ट्यांना बोट लावूं नये. कोणती बाजू वर येते हें खांचेजवळील चित्रावरून पाहून, टक् असा आवाज येईपर्यंत हलकेंच दाबावें. मग वीज सुरू करून मोबाइलवरील ॲपमधून कार्ड ‘फॉरमॅट’ करण्याची आज्ञा द्यावी.

फॉरमॅट करणें म्हणजे काय? वहीचीं पानें आंखून तिच्या पहिल्या पानावर अनुक्रमणिका तयार करणें. कोणतें चित्रण कोठें सुरू होतें व कोठें संपतें, हें अनुक्रमणिकेवरूनच यंत्राला कळतें. ती आंखण्याच्या रीति निरनिराळ्या आहेत. लहान कार्डांवर ‘फॅट-३२’ व मोठ्या कार्डांवर ‘एक्स-फॅट’ ही रीति रूढ आहे. पण कित्येक कॅमेरे मोठ्या कार्डावरही फॅट-३२ च मागतात, आणि विंडोज संगणकाची नेहमींची खिडकी पुष्कळ वर्षें ३२ गीगाबाइटांपुढें ती रीति देतच नसे. म्हणून संगणकावर आंखलेली वही कॅमेऱ्यास वाचतां येईलच असा भरंवसा नाहीं. ज्याला लिहावयाचें आहे त्यालाच पानें आंखूं द्यावीं, हा सर्वांत सुरक्षित मार्ग. मोबाइलमधील जुनें कार्ड वापरावयाचें असेल, तर त्यावरील लग्नकार्याचीं, नातवंडांचीं छायाचित्रें आधीं दुसरीकडे उतरवून घ्यावीं. फॉरमॅटनंतर हळहळून उपयोग नसतो. खरें पाहतां, मोबाइलमध्यें झिजलेलें कार्ड पहाऱ्यास लावूंच नये.

यानंतर घड्याळ. चित्राच्या कोपऱ्यांत दिसणारी तारीख व वेळ बरोबर आहे कीं नाहीं, हें पाहणें फारच थोड्या घरांत होतें. कॅमेरा परदेशीं बनलेला असला तर त्यांत तेथील वेळ असूं शकते. भारतीय वेळ ही जागतिक वेळेच्या साडेपांच तास पुढें आहे, ती निवडावी. वीज जाऊन आल्यावर इंटरनेट नसेल तर कांहीं कॅमेरे कारखान्यांतील जुन्या तारखेवर जातात. पहांटे तीनची घटना चित्रांत आदल्या रात्रीं साडेनऊची दिसली, तर तो पुरावा मदत करण्याऐवजीं वाद वाढवितो.

आतां तालीम. घरांतील एकानें फाटकांतून आंत यावें, दारापर्यंत जावें, परत फिरावें. आणि दुसऱ्यानें तें चित्रण थेट न पाहतां कार्डावरून काढून पाहावें. हीच तालीम दिवे मालवून रात्रीं करावी. एकदां कॅमेऱ्याची वीज तोडून पुन्हां जोडावी व चित्रण आपोआप सुरू होतें कीं नाहीं तें पाहावें. कार्ड भरल्यावर जुनें पुसून पुढें लिहिण्याची सोय चालू असल्याची खात्री करावी; ती बंद असेल तर कार्ड भरतांच लेखन थांबतें. आठवड्यानंतर सर्वांत जुनें चित्रण कोणत्या तारखेचें आहे तें पाहिलें म्हणजे आपल्या घरीं स्मृति किती दिवसांची आहे, याचा खरा आंकडा हातीं येतो.

सेलूसारख्या ठिकाणीं हवामानाचा विचार टाळतां येत नाहीं. परभणी जिल्ह्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जाणें ही नित्याची गोष्ट आहे. पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याखालीं, दुपारच्या उन्हांत टांगलेल्या कॅमेऱ्याच्या पोटांत यापेक्षांही अधिक ताप असतो. कार्डें बहुधा ८५ अंशांपर्यंत चालावीं अशा बेतानें बनविलेलीं असतात, परंतु घरगुती कॅमेऱ्याची स्वतःची मर्यादा पुष्कळदां चाळीस-पन्नास अंशांचीच असते. शिवाय झिजलेल्या कोठड्यांतून विद्युत्कण उष्णतेनें अधिक लवकर निसटतात. म्हणून कॅमेरा उत्तरेच्या वळचणीखालीं अगर ओसरीच्या आंत लावावा. विजेचा लपंडाव हा दुसरा शत्रु. अनुक्रमणिका लिहिली जात असतांनाच वीज गेली, तर माहिती असूनही ती सांपडेनाशी होते. घरांत इन्व्हर्टर असेल तर पंख्याबरोबर कॅमेरा व इंटरनेटचा राउटर हेही त्यावर घ्यावेत. त्यांना वीज फार थोडी लागते.

चोर कॅमेराच उपटून नेईल तर काय, हा प्रश्न रास्त आहे. कार्ड त्याच्यांतच असल्यानें साक्षीदार आणि साक्ष दोन्ही जातील. यासाठीं कॅमेरा हात न पोंचेल इतका उंच असावा. आणि घर दीर्घ काळ बंद राहणार असेल, तर इंटरनेटवरून दूरच्या साठ्यांत दुसरी प्रत ठेवण्याची सोय तेवढ्या दिवसांपुरती घ्यावी.

दुर्दैवानें घटना घडलीच, तर पहिलें काम कॅमेऱ्याची वीज बंद करण्याचें. कारण तो लिहीत राहिला तर हवें असलेलें चित्रण दोन-तीन दिवसांत स्वतःच पुसून टाकील. मग कार्ड काढून संगणकावर प्रत घ्यावी, मूळ कार्डाला हात लावूं नये, तें लिफाफ्यांत घालून तारीख लिहावी, आणि पोलिसांस देतांना पोंच घ्यावी. कॅमेऱ्यांत नवें कार्ड घालावें.

मूळ कार्ड इतकें जपावयाचें कां, याचें उत्तर सेलूच्या शेजारच्याच जिल्ह्यांतील एका दाव्यानें साऱ्या देशास दिलें आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकींत जालना मतदारसंघांतून अर्जुन खोतकर हे २९६ मतांनीं निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांनीं असा आक्षेप घेतला कीं, खोतकरांचीं उमेदवारीचीं कागदपत्रें २७ सप्टेंबर २०१४ रोजीं दुपारीं तीनची मुदत टळल्यावर दाखल झालीं. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील कॅमेऱ्यांचें चित्रण पुराव्यांत आलें. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २०१७ सालीं निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं अपील फेटाळलें. त्या निकालांत असें ठरलें कीं, चित्रणाची नुसती प्रत द्यावयाची तर तिच्यासोबत कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र अवश्य पाहिजे. मात्र ज्या मूळ साधनांत ती माहिती प्रथम सांठविली गेली तेंच साधन मालकानें न्यायालयांत हजर केलें व तें आपलेंच असल्याची साक्ष दिली, तर प्रमाणपत्राची जरूरी नाहीं. त्याआधीं २०१९ सालीं, केरळांतील एका खटल्यांत, मेमरी-कार्डांतील मजकूर हा ‘दस्तऐवज’ होय असेंही त्याच न्यायालयानें सांगितलें होतें. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष अधिनियम आला आहे; त्याच्या ६३ व्या कलमांत हें प्रमाणपत्र आहे, व त्यांत फाइलीचें ‘हॅश’ म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा म्हणावा असा आंकडा नमूद करावा लागतो. फाइलींत एक अक्षर बदललें तरी हा आंकडा बदलतो. यावरून पुसलेल्या, कापलेल्या, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीपेक्षां लिफाफ्यांतील मूळ कार्डाचें मोल किती अधिक आहे तें कळून येईल.

एक मर्यादा शेवटीं सांगितली पाहिजे. कॅमेरा आपल्या फाटकाकडे असावा. शेजाऱ्याच्या अंगणाकडे, खिडकीकडे अगर न्हाणीघराकडे त्याचा रोख जातां कामा नये. ज्या शेजाऱ्याच्या भरंवशावर किल्ली ठेवावयाची, त्याच्याच घरांत डोकावणारें यंत्र लावणें सौजन्याचें नव्हे.

वरील सारी तयारी एका सुटीच्या दिवसांत होते. त्यानंतर महिन्याच्या पहिल्या तारखेस कार्डावरचें कालचें व सर्वांत जुनें चित्रण उघडून पाहावें, घड्याळ ताडावें, आणि दोन वर्षांच्या आसपास, कार्ड चालत असलें तरी, तें बदलावें. गांवाला निघतांना गॅस बंद केला कीं नाहीं, नळ गळतो कीं काय, हें जसें पाहिलें जातें, तसेंच कार्डही पाहिलें जावें. पांच मिनिटांचें हें काम घरांतील कोणाही जाणत्या मुलास सोंपवितां येतें. आणि तें नियमानें झालें म्हणजे पुण्यास बसून सेलूच्या अंगणाकडे पाहणाऱ्या वडील माणसांची निश्चिंतता आधार असलेली ठरते.